५९०००१ : बेळगावच्या पिनकोडातील संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या मुख्य डाकघराचा पिनकोड ५९०००१ आहे. शहरातल्या असंख्य पाकिटांवर, बिलांवर आणि अर्जांवर ही संख्या लिहिली जाते. तिच्या गणिती गुणधर्मांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील विद्यार्थी, पालक व शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. येथील जवळजवळ सर्व आकडेमोड कागद-पेन्सिलने पडताळता येते, आणि वाचकांनी ती खरोखर पडताळावी अशी मनापासून विनंती आहे.

१. ही संख्या शब्दांत कशी वाचायची, आणि ती आली कोठून?

संख्या म्हणून ती ‘पाच लाख नव्वद हजार एक’ अशी वाचली जाते आणि स्वल्पविरामांसह ५,९०,००१ अशी लिहिली जाते. टपालाच्या कामात मात्र तिचे तीन-तीन अंकांचे दोन गट पाडून ५९० ००१ असे लिहिण्याची पद्धत आहे. भारतात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते डाक व तार खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही परिचित होते. पहिला अंक ५ असलेले पिनकोड कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण या राज्यांत येतात आणि त्यांतील ५६ ते ५९ ही सुरुवात कर्नाटकाकडे आहे. म्हणूनच बेळगावचा पिनकोड ५९० ने सुरू होतो, तर सीमेपलीकडच्या गडहिंग्लज आणि चंदगड येथील पिनकोड ४१६ ने सुरू होतात. पहिल्या तीन अंकांवरून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटच्या तीन अंकांवरून डाकघर कळते.

२. पिनकोड हा पत्त्याचा भाग आहे. त्याला संख्या समजून गुणाकार-भागाकार करण्यात काही अर्थ आहे का?

टपालाच्या दृष्टीने अर्थ नाही. शहापूरचा पिनकोड ५९०००३ आहे. त्यातून ५९०००१ वजा केल्यास २ उरतात, पण त्या २ वरून दोन डाकघरांमधले अंतर, लोकसंख्या किंवा दुसरे काहीही कळत नाही. पिनकोड म्हणून हे अंक केवळ ओळखचिन्हाचे काम करतात.

परंतु त्याच अंकांनी दर्शवलेली पूर्ण संख्या टपालखात्याच्या आधीही होती आणि तिचे गुणधर्म कोणी ठरवून दिलेले नाहीत. येथे विचार होतो तो त्या संख्येचा. पिनकोडची निवड एवढ्यासाठीच केली आहे, की पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा सोयीस्कर उत्तरे येतील अशी बेतलेली असतात, आणि ही संख्या तशी बेतलेली नाही. गणिताच्या अभ्यासासाठी अशी न निवडलेली संख्या अधिक प्रामाणिक असते, असे आम्हाला वाटते.

३. सहा अंकी संख्येला ‘मोठी’ म्हणणे योग्य आहे का?

ते कोण मोजतो त्यावर अवलंबून आहे. हाताने अवयव पाडायचे असतील, तर सहा अंक पुरेसे मोठे आहेत. संगणकाला मात्र या कामाला क्षणही लागत नाही. सुरक्षित संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीत २०४८ बिटांची, म्हणजे सुमारे ६१७ अंकी, संख्या घेतली जाते आणि तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांनाही व्यवहारात जमत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या, म्हणजे २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी संख्या, ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिच्यापुढे ५९०००१ अगदीच लहान ठरते, पण दोन्हींना लागू होणारे नियम एकच आहेत.

४. ५९०००१ ही मूळ संख्या आहे का? नसेल, तर तिचे अवयव कसे शोधायचे?

ती मूळ संख्या नाही. तिचे मूळ अवयव असे आहेत: ५९०००१ = ३ × १९३ × १०१९.

शोधण्याची सरळ रीत अशी. संख्या विषम असल्यामुळे २ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५ + ९ + ० + ० + ० + १ = १५ आहे आणि १५ ला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो आणि भागाकार १९६६६७ येतो. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज ३५ आहे, त्यामुळे पुन्हा ३ ने भाग जात नाही. आता ५, ७, ११, १३ अशा क्रमाने एकेक मूळ संख्या घेऊन १९६६६७ ला भागून पाहावे लागते. हे किती काळ करायचे, याला मर्यादा आहे: ४४३ चा वर्ग १९६२४९ आहे आणि ४४४ चा वर्ग १९७१३६ आहे, म्हणून ४४३ पर्यंत एकही मूळ अवयव सापडला नाही, तर १९६६६७ स्वतःच मूळ ठरेल. कारण कोणत्याही संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो.

प्रत्यक्षात इतके दूर जावे लागत नाही. ५ पासून १९३ पर्यंत ४२ मूळ संख्या आहेत. त्यांतील पहिल्या ४१ निष्फळ ठरतात आणि शेवटच्या १९३ ने निःशेष भाग जाऊन १०१९ मिळतात. अनेक विद्यार्थी येथे थांबून १०१९ चे अवयव पुन्हा २ पासून शोधू लागतात. ते श्रम अनावश्यक आहेत. १९३ पेक्षा लहान कोणतीही मूळ संख्या १९६६६७ चा अवयव नाही हे आधीच सिद्ध झालेले आहे, म्हणून ती १०१९ चाही अवयव असू शकत नाही. आणि १०१९ चे वर्गमूळ ३२ पेक्षाही कमी आहे. त्यामुळे १०१९ मूळ आहे हे एकही नवा भागाकार न करता ठरते.

५. एवढे भागाकार न करता अवयव मिळवण्याची लवकरची रीत आहे का?

या संख्येच्या बाबतीत आहे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडायची असते. ७६८ चा वर्ग ५८९८२४ आहे, म्हणजे ५९०००१ पेक्षा थोडा कमी. म्हणून ७६९ पासून सुरुवात करून प्रत्येक वर्गातून ५९०००१ वजा करायचे आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. ७६९ साठी बाकी १३६०, ७७० साठी २८९९, ७७१ साठी ४४४०. यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही. असे करत ७९९ ला पोहोचल्यावर ६३८४०१ − ५९०००१ = ४८४०० मिळतात आणि ४८४०० हा २२० चा वर्ग आहे. म्हणून

५९०००१ = ७९९² − २२०² = (७९९ − २२०) × (७९९ + २२०) = ५७९ × १०१९.

एकतिसाव्या वर्गाला उत्तर हाती येते. शिवाय ज्या बाक्यांचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ आहे त्या पूर्ण वर्ग असूच शकत नाहीत, त्यामुळे बऱ्याच नुसत्या पाहून सोडता येतात. ५७९ च्या अंकांची बेरीज २१ असल्याने ५७९ = ३ × १९३ हे लगेच दिसते.

ही रीत येथे जलद चालली, कारण ५७९ आणि १०१९ हे दोन अवयव एकमेकांपासून फार लांब नाहीत. अवयवांमधले अंतर मोठे असेल, तर हीच रीत कंटाळवाणी होते. ही अट लक्षात न घेता ती सर्वत्र वापरू नये.

६. मी ५९०००१ = १९३ × ३०५७ असे लिहिले आणि मैत्रिणीने ५७९ × १०१९ असे लिहिले. बरोबर कोण?

दोघीही बरोबर आहेत, पण दोघींचेही काम अपुरे राहिले आहे. ३०५७ = ३ × १०१९ आणि ५७९ = ३ × १९३; अवयव आणखी पाडत गेल्यास दोघीही ३, १९३ आणि १०१९ या तीन संख्यांवरच येऊन थांबतील. क्रम सोडल्यास कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हा अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत आहे.

७. हिचे एकूण विभाजक किती, आणि त्यांची बेरीज किती?

विभाजक आठ आहेत: १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७ आणि ५९०००१. तीन वेगवेगळे मूळ अवयव प्रत्येकी एकदाच आलेले असले, की प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा असे दोनच पर्याय राहतात आणि २ × २ × २ = ८ विभाजक मिळतात. त्यांची बेरीज (१ + ३) × (१ + १९३) × (१ + १०१९) = ४ × १९४ × १०२० = ७,९१,५२० आहे. संख्या स्वतः वगळली, तर उरलेल्या सात विभाजकांची बेरीज २,०१,५१९ होते, जी संख्येपेक्षा बरीच कमी आहे. म्हणून ही न्यून संख्या आहे, परिपूर्ण नव्हे. १ पासून ५९०००१ पर्यंतच्या संख्यांपैकी हिच्याशी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या २ × १९२ × १०१८ = ३,९०,९१२ आहेत.

८. ७, ११ आणि १३ या तिन्हींची कसोटी एकदम घेता येते असे ऐकले आहे. ती कशी?

७ × ११ × १३ = १००१ या गुणाकारामुळे ती शक्य होते. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते एकाआड एक मिळवायचे व वजा करायचे. येथे गट ००१ आणि ५९० आहेत, म्हणून १ − ५९० = −५८९. आता सहा अंकी संख्येऐवजी केवळ ५८९ तपासावे लागते. त्याला ७ ने भागल्यास १, ११ ने भागल्यास ६ आणि १३ ने भागल्यास ४ उरतात. एकाही ठिकाणी शून्य बाकी नाही, म्हणून या तिघांनीही ५९०००१ ला भाग जात नाही. प्रत्यक्ष बाकी हवी असेल, तर ऋण चिन्ह विसरू नये: ७ ने भागल्यावर ५९०००१ ची बाकी ७ − १ = ६, ११ साठी ५ आणि १३ साठी ९ येते.

९. अंकांची बेरीज १५ आणि तिची पुन्हा बेरीज ६ येते. या ६ वरून संख्या शुभ आहे की अशुभ, हे सांगता येते का?

सांगता येत नाही. अंकांची पुन्हा पुन्हा बेरीज करून जो एक अंक उरतो, तो संख्येला ९ ने भागल्यावर येणारी बाकी दाखवतो (बाकी शून्य असेल तर ९ उरतात). ५९०००१ = ९ × ६५५५५ + ६; त्या ६ मध्ये एवढीच माहिती आहे. दर नऊ संख्यांमागे एकीची बाकी ६ येते, म्हणून या गुणधर्मावरून एखाद्या गावाचे किंवा घराचे भविष्य काढणे गणिताला धरून नाही.

याच बेरजेशी निगडित दुसरा प्रश्न गणिताचा आहे आणि तोही अनेकजण विचारतात: ही हर्षद संख्या आहे का? स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव द. रा. कापरेकर यांनी दिले. ५९०००१ चा शेवटचा अंक १ असल्यामुळे ५ ने भाग जात नाही, मग १५ ने जाणे शक्यच नाही, म्हणून ती हर्षद नाही. तिच्यानंतरची पहिली हर्षद संख्या ५९०००४ आहे: अंकांची बेरीज १८ आणि १८ × ३२७७८ = ५९०००४.

१०. आमच्याकडे पाट्यांवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही प्रकारचे अंक दिसतात. अंकांची लिपी बदलली तर गुणधर्म बदलतात का?

लिपी बदलल्याने एकही गुणधर्म बदलत नाही. तिन्ही लिप्या दशमान स्थानमूल्यपद्धतच वापरतात, त्यामुळे पाचाच्या जागी पाच आणि नवाच्या जागी नऊच येतात. अंकांची बेरीजसुद्धा तीच राहते.

बदल होतो तो आधार बदलल्यावर, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या संख्येच्या पटींनी स्थानमूल्ये मोजल्यावर, आणि हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. द्विमान पद्धतीत हीच संख्या १००१००००००००१०११०००१ अशी वीस अंकी लिहिली जाते आणि तिच्या अंकांची बेरीज १५ नव्हे, तर ६ होते. याचा अर्थ असा, की अंकांची बेरीज, उलट क्रम किंवा कापरेकरांची प्रक्रिया (प्रश्न ९, ११ व १२) हे सारे संख्या दशमान पद्धतीत लिहिण्याशी बांधलेले गुणधर्म आहेत. मूळ अवयव, विभाजक आणि वर्गांची बेरीज (प्रश्न ४, ७ व १६) मात्र संख्येचे स्वतःचे गुणधर्म आहेत. ती कोणत्याही आधारात लिहिली तरी ते कायम राहतात. पहिल्या प्रकारातले गुणधर्म मनोरंजक असतात आणि मुलांना गणिताकडे ओढण्यासाठी फार उपयोगी पडतात, पण संख्या खऱ्या अर्थाने ओळखायची असेल, तर दुसऱ्या प्रकाराकडे वळावे लागते, असे आमचे मत आहे.

११. ही संख्या उलटी लिहून तिच्यातच मिळवली, तर काय होते?

उलट संख्या १०००९५ आहे आणि ५९०००१ + १०००९५ = ६९००९६. ही बेरीज डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचता येते. बेरजेत कोठेही हातचा येत नाही, म्हणून पहिल्याच पायरीला असे घडते. अंकांची संख्या सम असलेल्या अशा प्रत्येक दुतर्फा सारख्या संख्येला ११ ने भाग जातो; येथेही ११ × ६२७३६ = ६९००९६.

ज्या पिनकोडच्या शेवटी शून्य आहे तेथे सावध राहावे. ५९००१० उलटे लिहिल्यास ०१००९५ मिळते आणि सुरुवातीचे शून्य सोडल्यास ती पाच अंकी संख्या होते. पुन्हा उलटी केल्यास सुरुवातीची संख्या परत मिळत नाही.

१२. कापरेकरांच्या ६१७४ सारखे ५९०००१ पासून काही मिळते का?

मिळते, पण ६१७४ पेक्षा वेगळ्या प्रकारचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीतील शाळेत शिकवत असत. त्यांनी दाखवून दिलेली प्रक्रिया अशी: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी, जे उरेल त्यावर हीच कृती पुन्हा करावी. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि मग तेच राहतात.

आपल्या सहा अंकी संख्येसाठी पहिली पायरी ९५१००० − ०००१५९ = ९५०८४१ अशी आहे. पुढे क्रमाने ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३ आणि सहाव्या पायरीला ४२०८७६ मिळतात. येथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६ असे सात संख्यांचे चक्र सुरू होते, जे कधीच थांबत नाही. म्हणजे एका संख्येवर स्थिर होण्याऐवजी ५९०००१ या सातजणींच्या फेऱ्यात शिरते.

सहा अंकी संख्यांमध्ये स्वतःवरच परतणाऱ्या संख्या दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. वाचकांनी त्यांच्यावर एकेकदा कृती करून पाहावी. सर्व अंक सारखे नसलेली प्रत्येक सहा अंकी संख्या या दोहोंपैकी एकीवर किंवा वरील चक्रात पोहोचते. मध्येच पाच अंकी वजाबाकी आली, तर डावीकडे शून्य लिहून सहा अंक पूर्ण करायचे असतात. हे विसरल्यास उत्तर चुकते. आपल्या उदाहरणात तशी वेळ येत नाही.

१३. बेळगाव आणि खानापूर, किंवा बेळगाव आणि निपाणी, यांच्या पिनकोडांचा मसावि किती येतो?

येथे मोठा भागाकार करण्याची गरज नाही. दोन संख्यांचा सामाईक विभाजक त्यांच्या वजाबाकीलाही भागतो, हे तत्त्व पुरेसे आहे. खानापूरचा पिनकोड ५९१३०२ आहे. वजाबाकी १३०१ येते आणि १३०१ मूळ संख्या आहे. ती ३, १९३ आणि १०१९ यांच्यात नाही, म्हणून मसावि १ आहे आणि या दोन संख्या परस्पर सहमूळ आहेत. निपाणीचा पिनकोड ५९१२३७ आहे; वजाबाकी १२३६ = २ × २ × ३ × १०३, आणि यांपैकी केवळ ३ हाच ५९०००१ चा अवयव असल्यामुळे मसावि ३ आहे.

गडहिंग्लजच्या ४१६५०२ शी तुलना करताना वजाबाकी १७३४९९ इतकी मोठी येते. तेथे युक्लिडच्या रीतीने भागत जावे: ४१६५०२ ला १७३४९९ ने भागावे आणि मग प्रत्येक वेळी आधीच्या भाजकाला नव्या बाकीने भागावे. बाक्या ६९५०४, ३४४९१, ५२२, ३९, १५, ९, ६, ३ अशा उतरत येतात आणि मसावि ३ मिळतो.

१४. शहरातील शेजारच्या पिनकोडांपैकी एखादा तरी मूळ संख्या आहे का?

५९०००१ पासून ५९००२० पर्यंतच्या वीस संख्यांमध्ये एकही मूळ संख्या नाही. सम संख्या आणि ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या वगळल्यावर चारच उरतात आणि त्याही संयुक्त निघतात: ५९०००३ ला ४३ ने, ५९०००९ ला ७ ने, ५९००११ ला १६७ ने आणि ५९००१७ ला १०९ ने भाग जातो. यात नवल मानू नये, कारण सहा लाखांच्या आसपास सरासरी सुमारे १३ संख्यांमागे एक मूळ संख्या येते आणि सरासरी असली, की कोठे दाटी आणि कोठे मोकळी जागा असणारच.

१५. ५९०००१ ही क्रमागत संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

धन पूर्ण संख्याच घेतल्या, तर सात प्रकारे लिहिता येते. क्रमागत संख्या २, ३, ६, १९३, ३८६, ५७९ किंवा १०१९ घ्याव्या लागतात. सर्वांत लहान मांडणी २९५००० + २९५००१ आहे आणि सर्वांत लांब मांडणी ७० पासून १०८८ पर्यंतच्या १०१९ संख्यांची आहे, ज्यांचा मध्य ५७९ आहे. प्रकारांची ही संख्या विषम विभाजकांच्या संख्येतून एक वजा करून मिळते. विभाजकांची यादी प्रश्न ७ मध्ये आहे.

१६. संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ येते. मग ती दोन वर्गांची बेरीज असायलाच हवी ना?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा गैरसमज आहे. बाकी १ असणे मूळ संख्येसाठी पुरेसे असते; उदाहरणार्थ, १९३ ची बाकी १ आहे आणि १९३ = १२² + ७². संयुक्त संख्येसाठी मात्र ते पुरेसे नाही. तेथे नियम असा, की ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला असला पाहिजे. फर्माने दोन वर्गांचा मुद्दा मांडला आणि ऑयलरने त्याची सिद्धता दिली. आपल्या संख्येत ३ आणि १०१९ या दोघांचीही बाकी ३ आहे आणि दोघेही एकेकदाच आलेले आहेत. त्यांच्या बाक्यांचा गुणाकार ९ होतो आणि ९ ची बाकी १. म्हणून एकत्र आल्यावर ते बाहेरून निर्दोष दिसतात. ५९०००१ दोन वर्गांची बेरीज नाही.

तीन वर्गांची बेरीज मात्र ती आहे: ७६४² + ७९² + ८² = ५८३६९६ + ६२४१ + ६४ = ५९०००१. लजांद्रच्या प्रमेयानुसार ८ ने भागल्यावर १ बाकी ठेवणारी प्रत्येक संख्या अशी मांडता येते. वर्गांची वजाबाकी हा स्वतंत्र विषय आहे. विभाजकांच्या चार जोड्यांमुळे ती चार प्रकारे जमते आणि त्यांतील एक प्रकार प्रश्न ५ मध्ये आला आहे.

१७. ती दोन वर्गांची बेरीज नसेल, तर काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५९०००१ असूच शकत नाही, बरोबर?

बरोबर नाही. कर्णासाठी संख्येचा वर्ग हा दोन वर्गांची बेरीज असावा लागतो आणि वर्गात ३ व १०१९ हे दोघेही दोनदा येतात, त्यामुळे प्रश्न १६ मधली अडचण उरत नाही. १९३ = १२² + ७² यावरून १९३² = ९५² + १६८² मिळते (१४४ − ४९ = ९५ आणि २ × १२ × ७ = १६८). सर्व बाजूंना ३०५७ ने गुणल्यास २९०४१५² + ५१३५७६² = ५९०००१² हे पायथागोरसचे त्रिकूट तयार होते. ५९०००१ कर्ण असलेले पूर्णांकी बाजूंचे दुसरे त्रिकूट नाही, कारण ४ ने भागल्यावर १ बाकी ठेवणारा मूळ अवयव येथे एकच आहे आणि तोही एकदाच आलेला आहे.

१८. १ ला ५९०००१ ने भागले, तर दशांश अपूर्णांक कोठे आवर्ती होतो? कॅल्क्युलेटरवर काहीच दिसत नाही.

कॅल्क्युलेटरवर दिसणे शक्य नाही, कारण आवर्ती गट ९७,७२८ अंकांचा आहे. भागाकाराची सुरुवात ०.०००००१६९४९१२… अशी होते.

एवढा मोठा आकडा भागाकार न करता काढता येतो. मूळ संख्येने १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती गटाची लांबी त्या संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येला भागते (२ आणि ५ वगळून). ३ साठी ती १ आहे. १९३ साठी ती पूर्ण १९२ आहे. १०१९ ची गोष्ट विशेष सुंदर आहे: १०१८ = २ × ५०९ आणि ५०९ स्वतः मूळ आहे, म्हणून लांबी १, २, ५०९ किंवा १०१८ यांपैकीच असू शकते. १ आणि २ शक्य नाहीत, कारण ९ किंवा ९९ ला १०१९ ने भाग जात नाही. लांबी ५०९ तेव्हाच आली असती, जेव्हा एखाद्या पूर्ण वर्गाला १०१९ ने भागून १० बाकी उरली असती. तसा वर्ग अस्तित्वात नाही, त्यामुळे १०१८ हीच लांबी ठरते. तीन अवयव वेगवेगळे असल्याने एकूण लांबी १, १९२ आणि १०१८ यांचा लसावि, म्हणजे ९७,७२८ आहे.

१९. हेच सारे खानापूरच्या ५९१३०२ ला आणि निपाणीच्या ५९१२३७ ला लागू करता येईल का?

पद्धती लागू होतात, पण उत्तरे सारखी येत नाहीत आणि काही ठिकाणी अपवाद सांभाळावे लागतात.

५९१३०२ = २ × ४१ × ७२११; म्हणजे तीही तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे आणि तिचेही विभाजक आठच आहेत. परंतु तिला ४ ने भागल्यावर बाकी २ येते आणि अशी संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून कधीच लिहिता येत नाही. त्यामुळे प्रश्न ५ मधली रीत तिच्यावर थेट वापरल्यास ती संपतच नाही. आधी २ ने भागून २९५६५१ वर काम करावे लागते. तसेच १ ला ५९१३०२ ने भागल्यास आवर्ती गट दशांशचिन्हानंतर लगेच सुरू होत नाही; अवयवांत २ असल्यामुळे एक अंक आधी येतो आणि मग आवर्तन सुरू होते.

५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७. येथे ३ दोनदा आल्यामुळे विभाजक आठ नव्हे, तर ३ × २ × २ = १२ होतात. अंकांची बेरीज २७ आहे, ९ ने भाग जातो, तरीही २७ ने जात नाही. म्हणून ही संख्याही हर्षद नाही. ९ ची कसोटी २७ पर्यंत ताणता येत नाही, हे दाखवायला शिक्षकांना हे उदाहरण वर्गात वापरता येईल. आवर्ती दशांशाच्या बाबतीत येथे एक सूक्ष्म अपवाद आहे. मूळ अवयवाचा वर्ग छेदात आला, की आवर्ती गटाची लांबी साधारणपणे त्या अवयवाच्या पटीत वाढते. उदाहरणार्थ, ७ साठी ६ आणि ४९ साठी ४२. ३ मात्र या नियमाला जुमानत नाही: १ ला ३ ने भागले किंवा ९ ने भागले, तरी गट एकाच अंकाचा राहतो. दशमान पद्धतीत असे वागणारी पुढची मूळ संख्या थेट ४८७ आहे.